एक फासळी खाली

पडद्यावरून बाळ गेलं. म्हणजे ते कुठेही गेलं नव्हतं, आईच्या पोटात होतं तिथेच होतं. पण तपासणाऱ्या ताईच्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब बोटभर घसरला आणि पडद्यावर नुसता करडा चिखल उरला. टेबलावरची बाई पडद्यावर डोळे लावून पडली होती. ती कोपरावर अर्धी उठली. "काय झालं? कुठे गेलं?" तिच्या आवाजाला एवढी धार होती, की बाहेर बसलेल्या तिच्या सासूने दार ढकलून आत डोकावलं. "काही नाही, काही नाही, झोपा," ताई म्हणाली. घसरलेला उजवा हात तिने डाव्या हाताने मनगटाशी धरला आणि एखादी जड पिशवी उचलावी तसा उचलून परत पोटावर ठेवला. बाळ आलं. पाठीचा कणा आला, छोट्या दाण्यांच्या माळेसारखा. हृदयाची फडफड आली. बाईने श्वास सोडला, सासूने दार लावून घेतलं. उरलेली मापं तिने घेतली, एकूणएक घेतली, पण अर्धी डाव्या हाताने उजव्याला टेकू देऊन. बाई गेल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर सतरा जण थांबले होते. तिला कितीतरी महिने माहीत होतं ते आज दुसऱ्या कुणीतरी पाहिलं होतं.

वीस वर्षं ती तो हात शरीरापासून दूर, हवेत धरून काम करत होती. दिवसाला अठरा पोटं, कधी बावीस. लोकांना वाटतं सोनोग्राफी म्हणजे डोळ्यांचं काम. ते असतं खांद्याचं. जाड माणसाच्या पोटावर प्रोब दाबून धरायचा, त्याच वेळी दुसऱ्या हाताने मशीनच्या कळा फिरवायच्या, मान पडद्याकडे, कंबर पेशंटकडे, तोंडावर हसू. खांद्यात पहिल्यांदा कळ आली तेव्हा लेक पाचवीत होती. आता ती बारावीला होती. मधल्या काळात ताईने (सगळा विभाग तिला ताईच म्हणायचा) मलमं लावली, पट्टे बांधले, केस विंचरताना हात वर जाईना तेव्हा केस कापून टाकले आणि सगळ्यांना सांगितलं की फॅशन केली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्या आठवड्यात हात फिरवून पाहिला आणि ओठ आवळले. "ऑपरेशन लागणार नाही. पण हा हात आता हवेत धरायचा नाही. दिवसाला दोन-तीन पेशंट, त्याहून जास्त नाही." "आणि बाकीचे पंधरा?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "ते दुसरं कोणी करेल."

विभागप्रमुख डॉक्टर तसे भले गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच ती सावध झाली, कारण वीस वर्षांत त्यांनी तिच्यासाठी कधी चहा मागवला नव्हता. "तुम्ही आता नोंदणीच्या टेबलावर बसा. तीन महिने हलकं काम. मग बघू. खरं सांगायचं तर तिथेच कायमची जागा करता येईल. तुमच्यासारखं माणूस समोर असलं की पेशंटना धीर येतो." ती म्हणाली, "सर, मला वरिष्ठ होऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या पुढे काय असतं?" ते जरा गोंधळले. "पुढे म्हणजे... पर्यवेक्षक. पण त्याला दुसरं प्रमाणपत्र लागतं. हृदयाचं, नाहीतर रक्तवाहिन्यांचं. तुम्ही तेव्हा केलं नाहीत." तेव्हा. तेव्हा लेक लहान होती, सासरे अंथरुणावर होते, आणि विभागात तिच्या हाताला तोड नव्हती. ज्याच्या हाताला तोड नसते त्याला अभ्यासाला कोण सोडतं? त्यांना ती सोनोग्राफीच्या खोली क्रमांक तीनमध्ये हवी होती, आणि खरं म्हणजे तिलाही तिथेच राहायचं होतं. लोक म्हणायचे, "ताईंना सापडलं नाही म्हणजे ते तिथे नाहीच." एवढ्यावर तिची अकरा वर्षं गेली. मधून मधून कुणीतरी नवं यायचं, शिकायचं, परीक्षा द्यायचं, वर जायचं. ती टाळ्या वाजवायची.

नोंदणीचं टेबल दोन दारांच्या मधे होतं, त्यामुळे दिवसभर पायांवर वारा यायचा. नाव, वय, कुणी पाठवलंय, काही खाल्लंय का, पाणी किती प्यायलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मधल्या रिकाम्या वेळात आपण दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवून बसलोय, आणि ती दचकली, कारण ते हात तिचे नव्हते, बाबांचे होते. बाबा लेथ चालवायचे. लोखंडाच्या सळीतून केसाएवढ्या फरकाचा भाग काढून द्यायचे आणि तो मापायच्या आधी बोटाने चाचपून सांगायचे, जास्त आहे की कमी. मग दोन बोटं गेली. कारखान्याने त्यांना काढलं नाही, हत्यारांच्या खोलीत बसवलं. तिथे ते लोकांना पाने आणि कानशी द्यायचे आणि घ्यायचे. घरी आले की खुर्चीत बसायचे, हात मांडीवर, एकावर एक, वरचा हात खालच्या हाताची तुटकी बोटं झाकून. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला वाटायचं बाबा दमलेत. बाबा दमलेले नव्हते. दमायला त्यांच्याकडे कामच उरलं नव्हतं. आई म्हणायची, "बरं झालं, जीव तरी धोक्यात नाही." बाबा मान हलवायचे. त्यानंतरची सोळा वर्षं ते अगदी सुखरूप होते. तिने हात मांडीवरून उचलले आणि समोरच्या पेशंटची फाइल ओढून घेतली. त्याला वर हृदयविभागात पाठवायचं होतं. शिपायाला हाक मारता आली असती. तिने मारली नाही, स्वतःच उठली.

हृदयविभाग वरच्या मजल्यावर, टोकाला. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत अंधार, पडद्याचा निळसर उजेड. एक म्हातारे गृहस्थ डाव्या कुशीवर झोपले होते, आणि त्यांच्या पाठीशी नाही, पुढ्यात, त्यांच्या छातीच्या बाजूला टेबलाच्या कडेवर बसून चिमणी काम करत होती. चिमणी म्हणजे हृदयविभागाची प्रमुख तंत्रज्ञ. आता तिला चिमणी म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण बारा वर्षांपूर्वी ती खाली शिकाऊ म्हणून आली होती, बारीक चणीची, बारीक आवाजाची, आणि ते नाव ताईनेच ठेवलं होतं. ताई दारात थांबली. काहीतरी उलटं दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. चिमणीचा प्रोब डाव्या हातात होता. कोपर कमरेला लागून, खांदा खाली, सैल. उजवा हात कळांवर. हात हवेत नव्हताच. पडद्यावर चार कप्पे उघडत मिटत होते आणि झडपा दोन पाकळ्यांसारख्या हलत होत्या, आणि चिमणीचा खांदा झोपलेल्या माणसाच्या खांद्यासारखा शांत होता. ताई फाइल टेबलावर ठेवून खाली आली. जिन्यात तिने कठड्याला धरलेला हात बघितला. डावा होता. त्याला कधी काही झालं नव्हतं. वीस वर्षं त्याने नुसत्या कळा दाबल्या होत्या.

त्या आठवड्यात ती चारदा वर जायला निघाली आणि चारदा अर्ध्या जिन्यावरून परतली. कारण होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या अक्षरात होतं. चिमणीच्या शिकाऊपणाच्या शेवटी ताईने तिचा अहवाल लिहिला होता. हात जड आहे. पेशंटला दुखतं. मुदत सहा महिने वाढवावी. खोटं काही नव्हतं. चिमणी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडली होती आणि ताई त्या खोलीवरून पुढे गेली होती, चालण्याचा वेग न बदलता, कारण बाहेर पेशंट होते. हे वाक्य तिने स्वतःला बारा वर्षं सांगितलं होतं, बाहेर पेशंट होते. ते होतेच. ते नेहमीच असतात. घरी तिने नवऱ्याला सांगितलं की मी हृदयाची परीक्षा द्यायचं म्हणतेय, डाव्या हाताने. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची त्याला सवय. "डाव्या हाताने," तो म्हणाला, "चव्वेचाळिसाव्या वर्षी." मग म्हणाला, "अगं, टेबल काय वाईट आहे? बसून काम आहे. खूप केलंस तू." त्याच्या आवाजात माया होती, आणि त्या मायेचाच तिला राग आला. "आईसुद्धा बाबांना हेच म्हणायची," ती म्हणाली. त्याने वही आणि पेन तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "पुस्तकं कुठली लागतील ते लिहून दे."

पाचव्यांदा ती जिना पूर्ण चढली. "ताई, तुम्ही?" चिमणी उठून उभी राहिली. "कुणाचा इको करायचाय?" "कुणाचा नाही. शिकायचाय." चिमणीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या खांद्याकडे. हॉस्पिटलात अशा बातम्या लपत नाहीत. "बसा," ती म्हणाली आणि स्वतः उभीच राहिली. "एक विचारू? तुम्ही लिहिलं होतंत, हात जड आहे. जड होताच. मला माहीत होतं. पण हलका कसा करायचा, ते तुम्ही मला एकदाही दाखवलं नाहीत. सहा महिने नुसते वाढवलेत. ते मी इथे वर येऊन शिकले, दुसऱ्याकडून." तिचा आवाज अजून तसाच बारीक होता, पण आता माणसं तो ऐकायला शांत होत असणार. ताईला बोलायला खूप काही सुचलं. बाहेर पेशंट होते, हेही सुचलं. ती म्हणाली, "नाही दाखवलं. मला वाटायचं, ज्याला येतं त्याला येतं. चुकलं माझं." चिमणीने खिडकीचा पडदा सारखा केला, सारखा होता तरी. "रोज दुपारी दोन तास. आधी महिनाभर नुसतं बघायचं. आणि इथे तुम्ही वरिष्ठ नाही, शिकाऊ आहात. पेशंटसमोर मी चूक सांगितली तर चालेल?" "चालेल." "मग तुमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र आणा."

मोठ्या डॉक्टरांनी "या वयात?" असं तोंडाने विचारलं नाही, भुवईने विचारलं. ती अर्ज लिहूनच घेऊन गेली होती. सकाळी टेबल, दुपारी दोन तास वर, दहा महिन्यांनी परीक्षा. "आणि नाही जमलं तर?" "तर टेबल आहेच की, सर. ते कुठे पळून जातंय." त्यांनी सही केली, बहुधा ती दोन महिन्यांत कंटाळेल अशा हिशेबाने.

डावा हात मठ्ठ होता. दुसरा शब्द नाही. तिला पडद्यावर काय हवंय ते कळायचं, उजव्या हाताला कळायचं, खांदासुद्धा आपोआप आखडायचा, पण डावा हात नेमका उलटीकडे जायचा. ती मनात म्हणायची वर, तो खाली. म्हणायची फिरव, तो सरकायचा. त्या वयात पुन्हा मूर्ख व्हायचं म्हणजे काय असतं हे तिने शरीराने शिकून घेतलं. कानशिलं तापायची. पेशंट विचारायचे, "नव्या आहात का?" आणि ती "हो" म्हणायची, आणि प्रत्येक "हो" काट्यासारखा टोचायचा, पहिले शंभर तरी. घरी ती डाव्या हाताने दात घासू लागली, भाजी चिरू लागली, किराण्याची यादी लिहू लागली, जी दुकानदाराने तिलाच परत वाचायला लावली. रविवारी सकाळी नवऱ्याला डाव्या कुशीवर झोपवून शाम्पूची बाटली त्याच्या फासळ्यांवर फिरवायची. त्याला गुदगुल्या व्हायच्या. "सापडलं का माझं हृदय?" "गप्प बस. श्वास सोड आणि धर." "किती वेळ?" "मी सांगेपर्यंत." "लग्न झाल्यापासून तेच करतोय." लेक दारात उभी राहून म्हणायची, "तुमचं काय चाललंय ते कुणाला सांगू नका हं." आणि वर, त्या अंधाऱ्या खोलीत, ताई रोज दोन शब्दांची वाट बघायची. हात जड. चिमणीला म्हणायचा पूर्ण हक्क होता, आणि प्रसंग तर रोज येत होते. एका बाईच्या छातीवर वळ उठला तेव्हा ताईने मनात आधीच मान खाली घातली होती. चिमणी जवळ आली. तिने ताईच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला, करंगळी सोडवून पेशंटच्या फासळीवर टेकवली. "करंगळी टेकली की हाताचं वजन तिच्यावर जातं. प्रोब नुसता तरंगतो. बघा." प्रोब तरंगला. बाईचा चेहरा सैल पडला. इतकंच होतं ते. बारा वर्षांपूर्वी सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ताईचे डोळे भरून आले आणि अंधार होता हे बरं झालं.

परीक्षेत चाळीस मिनिटं, एक अनोळखी पेशंट, ठरलेली दृश्यं. दोन परीक्षक, एक टक्कल पडलेले, एक सतत पेनचं टोपण काढणाऱ्या बाई. सगळं बरं चाललं होतं. मग हृदयाच्या टोकाकडून त्याचे चार कप्पे घ्यायचे होते, आणि ते आले, पहिल्याच झटक्यात आले, गोलसर, भरदार, काठ कसे कोरल्यासारखे. तिला आत कुठेतरी चाहूल लागली की हे फारच गोल आहे. हृदयाचं खरं टोक निमुळतं असतं. प्रोब एक फासळी वर असला तर पडद्यावर टोक कापलं जातं आणि उरलेलं छान वाटोळं दिसतं, इतकं छान की हलवावंसं वाटत नाही. अठरा मिनिटं उरली होती, घाम आला होता. डाव्या हाताला इतकं देखणं काही पहिल्यांदाच मिळालं होतं. तिने ते साठवलं आणि पुढे गेली. बाहेर आल्यावर टक्कलवाल्या परीक्षकांनी तिला थांबवलं. त्यांनी तसं सांगायचं नसतं, पण सांगितलं. "चित्र सुंदर होतं. पण त्या माणसाचं हृदय तेवढंच नाही. त्याच्या टोकाला दोष होता. तुमच्या चित्रात टोकच नव्हतं." निकाल तीन आठवड्यांनी आला. तो वाचायची तिला गरज नव्हती, तरी तिने दोनदा वाचला, नवऱ्याची सवय.

ती चिडली नाही, रडली नाही. ती घाबरली. नापास झाले म्हणून नव्हे. त्या क्षणी आपल्याला कळलं होतं म्हणून. ज्या बाईला सापडलं नाही म्हणजे ते तिथे नाहीच, असं लोक म्हणायचे, तिने देखणेपणासाठी एका माणसाच्या हृदयाचं टोक सोडून दिलं होतं. बसने घरी जाताना तिला वाटू लागलं की आपण खोली क्रमांक तीनमध्येही अकरा वर्षं असंच काहीसं करत होतो: जे छान दिसत होतं तेवढं धरून ठेवलं, हलवलं नाही. दोन थांबे आधीच ती उतरली आणि चालत गेली. रस्त्यावर एक माणूस दुकानाच्या शटरला तेल देत होता, एक बाई गॅलरीतून चादर झटकत होती. साधी दुपार होती. घरी नवऱ्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पाणी आणून दिलं. "मग?" "मग सहा महिन्यांनी परत." "मी झोपतो कुशीवर," तो म्हणाला आणि खरंच शर्टाची बटणं काढायला लागला. तेव्हा मात्र ती हसता हसता रडली. दुसऱ्या दिवशी ती वर गेली तेव्हा चिमणीने काही विचारलं नाही. निकाल तिला कळला होता. तिने फक्त पहिल्या पेशंटकडे बोट केलं. "गोल आलं की खूश व्हायचं नाही. एक फासळी खाली, जरा बाहेर. चित्र वाईट होईल. होऊ द्या. मग सुधारा."

सहा महिने तिने चित्रं वाईट होऊ दिली. मिळालेलं सोडायचं, खाली उतरायचं, धुरात शोधायचं. मोठ्या डॉक्टरांनी मधे एकदा टेबलापाशी थांबून म्हटलं, "कायमच्या जागेचे कागद तयार आहेत. तुमची सही फक्त." ती म्हणाली, "सर, ते कागद दुसऱ्या कुणाला तरी द्या. टेबलाला चांगलं माणूस हवंच आहे." हे बोलताना तिच्याजवळ प्रमाणपत्र नव्हतं, पाठीशी कुणी नव्हतं. होता तो एक सुधारत चाललेला हात. मग ती जिना चढून वर गेली.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. वरच्या श्रेणीत नव्हे, साधी पास. हृदयविभागाच्या कामाच्या तक्त्यावर तिचं नाव सगळ्यात खाली लागलं, पंचविशीतल्या दोघांच्या खाली. नियमच तसा होता: नव्या विभागात नवं माणूस तळाला. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आता तीन वर्षं इथे काम करावं लागणार होतं. तीन वर्षांनी ती एकोणपन्नास. तिने हिशेब केला आणि तो बरोबर आहे ना ते पुन्हा पाहिलं. एकोणपन्नास ही तिला फार वाटली नाहीत. तक्त्यासमोर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या एकाने संकोचून विचारलं, "ताई, तुम्हाला ते कठीण पेशंट देऊ का? म्हणजे, तुमचा अनुभव..." "पोटाचा आहे," ती म्हणाली. "इथले सोपे द्या. कठीण मागून घेईन."

पहिला एकटीचा पेशंट म्हणजे एक निवृत्त क्रेनचालक, पंच्याहत्तरीचे, अंगाने रुंद, कानाने बरे. त्यांना डाव्या कुशीवर वळवायला वेळ लागला. त्यांच्या छातीवर पांढरे केस होते, त्यांत जेल लावताना ते म्हणाले, "गार आहे." "सॉरी हं, आजोबा." तिने कोपर कमरेला लावलं, करंगळी फासळीवर टेकवली. खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज तेवढा होता. पडद्यावर काहीतरी हललं, अंधुक, एका बाजूला झुकलेलं. म्हाताऱ्यांनी मान न वळवता विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला हे करून?" जुनं उत्तर जिभेवर आलं होतं. एकवीस. तेही खोटं नव्हतं. "आजचा पहिला दिवस," ती म्हणाली. बहुधा त्यांना क्रेनच्या केबिनमधला स्वतःचा पहिला दिवस आठवला असावा. मग ते त्याच कुशीवर नीट रेलले, जसं माणूस लांबच्या प्रवासाला टेकतो. "मग सावकाश करा," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

"श्वास सोडा," ती म्हणाली. "आणि धरा."